फोर्ट राहिला, चाळी गेल्या

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहून पूर्वेला पाहिलं, की १८७०च्या दशकातली मुंबई ओळीने उभी दिसते. दक्षिणेकडून मोजत गेलं तर जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि त्यापुढे सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी. पाठ फिरवली की पश्चिमेला १९३०च्या दशकातली मुंबई. गोल कोपऱ्यांच्या, सारख्या उंचीच्या, फिक्या रंगांच्या राहत्या इमारती. दोन्हींच्या मधे मैदान आणि रस्ते, एवढंच. देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी ही एक. तरीही या दोन्ही रांगांत टॉवर घुसलेला नाही. दक्षिणेला नजर टाकली तर नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे मनोरे दिसतात, पण ते मैदानाच्या कडेला येऊन थबकल्यासारखे दूरच उभे आहेत.

हे सगळं पाहून पर्यटक खूश होतात आणि त्यांनी व्हावंही. मुंबईत वाढलेल्या माणसाला मात्र दुसरा प्रश्न पडायला हवा. उंच इमारतींची ही लाट इथे अडली, तर ती गेली कुठे? त्याचं उत्तर उत्तरेला आहे, गिरगावात, लालबागला, परळला, वरळीला. फोर्ट वाचण्याची गोष्ट आणि चाळी पडण्याची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. त्या एकाच कारभाराच्या आहेत.

मुंबईकर ज्याला ‘कोट’ म्हणत, तो फोर्ट हे एके काळी खरोखरच तटबंदीचं गाव होतं. चर्चगेट, अपोलो गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे, भोवती खंदक, आणि खंदकापलीकडे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं राखलेलं मैदान. आत दक्षिणेकडे इंग्रज, उत्तरेकडे पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर हिंदी वस्ती मैदानापलीकडे, काळबादेवी-भुलेश्वर-गिरगावच्या बाजूला झपाट्याने पसरली. साहेबाचं गाव आत, ‘नेटिव्ह टाउन’ बाहेर, मधे मोकळी जागा, ही मांडणी तिथून पक्की झाली. आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानं हे त्या मोकळ्या जागेचेच उरलेले तुकडे.

तट पाडायचं ठरलं ते १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि पश्चिम भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ छापलं गेलं. मराठीत या शहराचं पहिलं सविस्तर वर्णन नेमकं तेव्हा आलं, जेव्हा वर्णन केलेलं शहर डोळ्यांदेखत बदलत होतं. १८६४च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचा भाव कोसळला, सट्टा बुडाला, पेढ्या बसल्या. १८७२च्या गणनेत माणसं उरली ६,४४,४०५.

पैसा आला तसा गेला, पण तटाच्या जागेवरच्या इमारतींचे आराखडे तयार होते आणि त्या उभ्या राहिल्या. सचिवालय १८७४ मध्ये, उच्च न्यायालय १८७८ मध्ये. विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद या कापसाच्या दलालाने दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईचं, नाव दिलं. २८० फुटांचा हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला तेव्हा शहरात त्याहून उंच काही नव्हतं. या सगळ्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत, कारण पश्चिमेला समुद्र होता. न्यायमूर्तींच्या सज्जात थेट खाडीवरचा वारा येई. समोरचा समुद्र एक दिवस सरकवून दूर नेला जाईल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नसावं.

तिकडे मैदानापलीकडच्या गावात माणसं कोंबली जात होती. गिरण्या वाढल्या, घाटावरून आणि कोकणातून माणूस आला आणि त्याच्यासाठी मालकांनी चाळी बांधल्या. १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग आला. सरकारला एकाएकी जाग आली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले, म्हणजे समुद्राची हवा आत येईल. घरं गमावलेल्यांसाठी ट्रस्टने ‘बीआयटी’ चाळी बांधल्या. त्यांतल्याच परळच्या एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या कमी पडल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत खोली मिळणं हे नोकरी मिळण्यापेक्षा कठीण झालं होतं.

इथे सर जॉर्ज लॉईड येतात. १९१८ मध्ये गव्हर्नर झालेला हा गृहस्थ घाईचा. त्याने १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ हे नवंकोरं खातं काढलं आणि त्याच्यावर दोन अवाढव्य कामं सोपवली. एक, बॅक बे हा समोरचा समुद्र बुजवून चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत सलग जमीन तयार करायची. दुसरं, गिरणी कामगारांसाठी हजारो खोल्या बांधायच्या. एकच खातं, एकच साल, तेच काँक्रीट. या दोन कामांचं पुढे काय झालं, हाच या लेखाचा गाभा आहे.

बॅक बेचा आराखडा आठ तुकड्यांचा होता. बंदरातला गाळ उपसून नळांमधून इकडे आणायचा आणि समुद्रात बांधलेल्या भिंतीच्या आत ओतायचा. गाळ उपसणाऱ्या जहाजाला नाव दिलं ‘सर जॉर्ज लॉईड’. भिंत मात्र गळकी निघाली. आत ओतलेला मऊ गाळ भरती-ओहोटीबरोबर फटींतून बाहेर जाऊ लागला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत खात्याची लक्तरं टांगली. त्यांच्यावर हार्वे नावाच्या खात्यातल्या अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो नरिमन यांनी जिंकला. लोकांनी योजनेला ‘लॉईडचा मूर्खपणा’ असं नाव ठेवलं. आठपैकी चार तुकडे भरून काम थांबलं. ज्या वकिलाने भरावातला घोटाळा उघड केला, त्याचंच नाव पुढे पुढच्या भरावाला मिळालं. शहरं अशी थट्टा करतात आणि नंतर ती कुणाला थट्टा वाटेनाशी होते.

भरलेल्या तुकड्यांपैकी चर्चगेटच्या बाजूची जमीन १९३०च्या दशकात भूखंड पाडून दिली गेली. मंदी होती, जमिनीला उठाव नव्हता, तरी हळूहळू बांधकामं सुरू झाली. या भूखंडांवर काय आणि किती उंच बांधायचं याचे कडक नियम होते. उंची सारखी, रस्त्यापासूनचं अंतर सारखं. मरीन ड्राइव्हची आणि ओव्हलच्या पश्चिमेची ती एकसंध रेघ कुणा एकाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही, ती नियमावलीतून आली. त्या चौकटीत वास्तुविशारदांनी आपापली हौस भागवून घेतली. यात हिंदी नावं बरीच होती, आणि त्यांत गजानन बाबुराव म्हात्रे हे ठळक नाव. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं ‘सूना महाल’ आणि ओव्हलसमोरचं ‘एम्प्रेस कोर्ट’ ही त्यांची कामं. या इमारतींत लिफ्ट होती, आणि मुख्य म्हणजे घरातच संडास-न्हाणीघर होतं. ‘फ्लॅट’ नावाचं घर मुंबईच्या मध्यमवर्गाने इथे पाहिलं. १९३३ मध्ये रीगल आणि १९३८ मध्ये इरॉस ही थिएटरं उघडली आणि ‘आर्ट डेको’ नावाच्या या नव्या शैलीवर चमक आली.

आता त्याच खात्याचं दुसरं काम. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या या खात्याने चाळी बांधल्या. खात्याची आद्याक्षरं चाळींना चिकटली ती कायमची. आजही ‘बीडीडी’ म्हणजे काय हे न सांगता पत्ता कळतो. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला होता. संकल्प ५० हजार खोल्यांचा होता, बांधून झाल्या सुमारे १६ हजार. एकूण २०७ चाळी, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत.

बीडीडीची चाळ गिरगावातल्या चाळीसारखी नाही. गिरगावच्या चाळीला बाहेरून लाकडी गॅलरी असते, तिच्यावरून अख्खा चौक दिसतो. बीडीडीत मधोमध लांब, अंधारा बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. खोलीत कोपऱ्यात मोरी, संडास मजल्याच्या टोकाला सामायिक. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे, भाडं परवडत नसे, म्हणून सुरुवातीला तिथल्या खोल्या मोठ्या संख्येने रिकाम्याच राहिल्या. नंतर शहर तिथवर पोचलं आणि १६० फुटांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या नांदल्या. मधल्या बोळात रात्री अंथरुणं पडत, दिवसा पापड वाळत, आणि लग्नाची पंगतही तिथेच बसे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेला इतिहास पुस्तकरूपाने आला आहे. या बोळांत काय घडत होतं हे ज्यांना जाणून घ्यायचं आहे, त्यांनी तो वाचावाच.

स्वातंत्र्याबरोबर एक कायदा आला, ज्याने जुन्या मुंबईचं नशीब ठरवलं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला रस्त्यावर काढता येऊ नये हा हेतू रास्त होता. युद्धानंतरची टंचाई आणि फाळणीनंतरचे लोंढे पाहता दुसरं काही सुचणंही अवघड होतं. पण गोठलेलं भाडं वितळवायचं धाडस पुढे कुणी केलं नाही. महिन्याला पाच-दहा रुपये भाडं येणाऱ्या इमारतीला मालक रंग का लावेल? त्याने डागडुजी सोडली. व्यवहार पागडीवर सुरू झाले. तुळया कुजल्या, गॅलऱ्यांना टेकू लागले, आणि दर पावसाळ्यात एखादी चाळ बसल्याची बातमी ठरलेली झाली. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. तेव्हा मोजलेल्या इमारती होत्या १९,६४२, आणि त्यांतल्या १६,५०२ या १९४०पूर्वीच्या. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा सरकारी शब्द तेव्हापासून गिरगाव-लालबागच्या रोजच्या बोलण्यात आला.

याच गोठलेल्या भाड्याने एक उलटं कामही केलं, आणि ते कबूल करायला हवं. मालकाला इमारत पाडता येत नव्हती, कारण आत भाडेकरू होता. दुसरीकडे, फोर्टातल्या मोठ्या इमारती सरकारच्या, न्यायालयांच्या, विद्यापीठाच्या, रेल्वेच्या. त्या विकायला कुणी काढणार नव्हतं. म्हणजे जुनं शहर टिकलं ते त्याच्यावर कुणाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. ते हलवणं कुणालाच सोयीचं नव्हतं.

पण नव्या कचेऱ्यांची गरज तर होतीच, आणि ती भागवायला लॉईडचा अर्धवट राहिलेला समुद्र तयार होता. १९६०च्या दशकापासून नरिमन पॉइंटचा भराव पुढे सरकला आणि त्यावर एक्स्प्रेस टॉवर्स, १९७४ मधली तेवीस मजली एअर इंडिया इमारत, हॉटेलं, बँका उभ्या राहिल्या. गंमत अशी की, १९६५ मध्येच चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. दक्षिण टोकावरचा भार कमी करायचा, हेच तिचं मर्म. सरकारने १९७० मध्ये सिडको हे नगरविकास महामंडळ काढून कल्पना स्वीकारली, आणि त्याच वेळी दक्षिण टोकावर भराव आणि मनोरेही चालू ठेवले. दोन्ही हातांनी दोन दिशांना ढकलायचं, ही या राज्याची नगररचनेतली जुनी सवय. फोर्टाच्या बाजूने पाहिलं तर मात्र नरिमन पॉइंट उपकारक ठरला. कंपन्यांना उंच इमारत हवी होती, ती शेजारच्या नव्या जमिनीवर मिळाली, जुनी पाडावी लागली नाही. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने हेच काम आणखी मोठ्या प्रमाणावर केलं.

१९८० आणि १९९०च्या दशकांत चित्र वेगाने पालटलं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी संपलाच नाही, गिरण्याच संपत गेल्या. मुंबईच्या पोटात सुमारे ६०० एकर जमीन मोकळी व्हायच्या वाटेवर आली. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांसाठी एक कलम घातलं गेलं. जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, एक तृतीयांश मालकाकडे.

याच काळात फोर्टासाठी लढणारी माणसं काम करत होती. त्यांत श्याम चैनानी हे नाव घ्यायलाच हवं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या माध्यमातून त्यांनी वर्षानुवर्षं मंत्रालयात अर्ज, टिपणं आणि मसुद्यांचा मारा चालू ठेवला. प्रसिद्धीपासून लांब राहून, कलमाला कलम जोडत कायदा घडवणाऱ्या दुर्मीळ कार्यकर्त्यांपैकी ते एक. अशा अनेकांच्या रेट्यातून एप्रिल १९९५ मध्ये मुंबईची वारसा-नियमावली अधिसूचित झाली. एखाद्या भारतीय शहराने पुरातत्त्व खात्याच्या कक्षेबाहेरच्या इमारतींसाठी असा कायदा करण्याची ही पहिली वेळ. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, समिती नेमली गेली, आणि फोर्ट, मरीन ड्राइव्ह, बाणगंगा, खोताची वाडी असे अख्खे परिसरही यादीत आले. मरीन ड्राइव्हला तर दुहेरी कवच मिळालं, कारण १९९१च्या किनारा नियमनानेही तिथे वाढीव बांधकामाला लगाम घातला होता.

खोताची वाडी यादीत आली हे विशेष. गिरगावातली ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती, लाकडी सज्जे आणि बाहेरून चढणारे जिने असलेल्या बैठ्या घरांची. एके काळी तिथे साठ-पासष्ट अशी घरं होती, आता निम्मीही उरली नाहीत. यादीत नाव असूनही असं का झालं, याचं उत्तर १९९९च्या दुरुस्त्यांत सापडतं.

विकास नियमावलीच्या ३३(७) या कलमाला मुंबईत जेवढे लोक ओळखतात, तेवढे राज्यघटनेच्या एखाद्या कलमाला ओळखत नसतील. १९९९ मध्ये ते सैल केलं गेलं. जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के भाडेकरूंनी संमती दिली, की मालक किंवा बिल्डर ती पाडू शके. सगळ्या भाडेकरूंना नव्या घरात फुकट सामावून घ्यायचं, आणि त्या बदल्यात विकण्यासाठी जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या पटीत बांधकामाची मुभा, घ्यायचा. बेटावरच्या मुंबईत एरवी १.३३ असलेला एफएसआय इथे अडीच किंवा त्याच्याही वर जाऊ लागला. जितके भाडेकरू जास्त, तितकं विक्रीचं बांधकाम जास्त, तितकी इमारत उंच. दाटीवाटीची चाळ ही बिल्डरच्या दृष्टीने अडचण होती, ती एका फटक्यात संधी झाली. आणि पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतल्या इमारतींना हात न लावता, तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा-परिसरातल्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीला वारसा-नियमांतून मोठी सूट मिळाली. ज्या जुन्या शहरात माणसं भाड्याने राहत होती, नेमकं ते शहर संरक्षणाच्या कवचातून सटकलं.

गिरण्यांचंही तसंच झालं. २००१ मध्ये एक तृतीयांशाच्या सूत्रात ‘मोकळी जमीन’ या शब्दांभोवती अशी दुरुस्ती झाली, की वाटप फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचं करायचं. गिरणी उभी असलेली जागा हिशेबातून बाहेर. चैनानींचाच गट न्यायालयात गेला. उच्च न्यायालयात जिंकला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती उचलून धरली. लोअर परळला आज चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे दिसतात, त्यामागे ही एका शब्दाची कसरत आहे. फोर्टातली लढाई जिंकलेली माणसं गिरणगावातली हरली. माझ्या मते यात त्यांची कुवत कमी पडली नाही. फोर्टात त्यांना कुणाच्या नफ्याच्या आड यावं लागलं नव्हतं, इथे यावं लागलं.

चाळ पाडू नये असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः चाळीत राहत नसलेल्याला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं मेली. डोंगरीत २०१९च्या जुलैत आणखी एक इमारत पडली. टेकू लावलेल्या गॅलरीखालून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला वारशाचं व्याख्यान देऊ नये. शिवाय वारसा-कायद्याने बंधन घातलं, दुरुस्तीला पैसा दिला नाही. २०१२ मध्ये शिवाजी पार्कचा परिसर वारसा-यादीत घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा दादरच्या मराठी मध्यमवर्गानेच कडाडून विरोध केला. यादीत नाव गेलं की पुनर्विकास अडेल आणि जुनं घर आपल्या खर्चाने सांभाळावं लागेल, हा त्यांचा हिशेब साधा होता आणि चुकीचाही नव्हता. फोर्टातसुद्धा हे दिसतं. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, ही इंग्लंडात घडवलेल्या बिडाच्या सांगाड्यावर १८६०च्या दशकात उभारलेली इमारत. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा इथे पाहिली. भाडेकरू, मालक आणि म्हाडा हे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण यांच्या त्रांगड्यात ती इतकी खचली, की २०१९ मध्ये रिकामी करावी लागली. गोठलेल्या भाड्याने गिरगावच्या चाळीचं जे केलं, तेच या ऐटबाज हॉटेलचं केलं. फरक इतकाच, की हिच्यासाठी तज्ज्ञांचे अहवाल मागवले गेले आणि न्यायालयात वाद झाला.

३० जून २०१८ रोजी बहारीनमधल्या मनामा इथे युनेस्कोच्या समितीने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एकूण ९४ इमारती. यामागे रहिवाशांच्या संघटना आणि वारसा-तज्ज्ञांची अनेक वर्षांची मेहनत होती. ‘लॉईडच्या मूर्खपणा’तून निघालेल्या जमिनीवरची घरं नव्वद वर्षांच्या आत जगाचा ठेवा झाली.

त्याआधी वर्षभर, एप्रिल २०१७ मध्ये, त्याच लॉईडच्या खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं होतं. काम म्हाडाकडे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात प्रत्येक पात्र रहिवाशाला मालकी हक्काचं ५०० चौरस फुटांचं घर, चाळीस मजली इमारतीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं मजल्याच्या टोकापर्यंत रांगेत उभं राहिलेल्या घराला स्वतःचा संडास मिळाला, तोही एकाच्या जागी दोन. या आनंदाला नाक मुरडणारा माणूस चाळीत कधी राहिलेला नसतो. चाळीसाव्या मजल्याचा मेंटेनन्स, लिफ्टची वीज, पाण्याचे पंप हा खर्च आधीच्या नाममात्र भाड्याच्या कितीपट होणार, आणि तो पेलला नाही तर घर विकून कुटुंब विरार-बदलापूरला जाणार का, हे पुढच्या दहा वर्षांत दिसेल. गिरगावात ३३(७)खाली झालेल्या कित्येक इमारतींत ते आधीच दिसलं आहे.

एक गोष्ट मात्र आजच नक्की आहे. ओव्हलच्या पश्चिमेची प्रत्येक इमारत मोजली गेली आहे, तिचे फोटो, नकाशे, गॅलरीच्या जाळीची नक्षीसुद्धा नोंदली गेली आहे. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना वीस दारं असलेल्या मजल्याची तशी नोंद नाही. तेव्हा ज्यांच्या घरी जुन्या चाळीच्या भाडेपावत्या, गणेशोत्सव मंडळाचे छापील अहवाल, गॅलरीतल्या लग्नांचे फोटो, पाणीपट्टीवरून झालेल्या भांडणांच्या बैठकांची इतिवृत्तं अजून कपाटात असतील, त्यांनी टॉवरमध्ये सामान हलवताना ती रद्दीत घालू नयेत. एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्यावीत, आणि ते जमत नसेल तर निदान त्यावर साल, चाळीचं नाव आणि खोलीचा नंबर लिहून ठेवावा.